डब्यांवरचे आकडे

हे मी सात वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. वेळ आली नाही असं नव्हे. दर वर्षी थंडीच्या तोंडावर ती येते आणि दर वर्षी मी काहीतरी निमित्त सांगून तिला वाटेला लावतो. कधी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं असतं, कधी चष्म्याचा नंबर तपासायचा असतो. यंदा खुब्याचं हाड मोडल्यापासून मी अंगणातल्या खुर्चीत आहे. खुर्चीतल्या माणसाजवळ निमित्तं फार उरत नाहीत.

आमच्या अंथुर्ण्यात उसाचा हंगाम लागला हे कॅलेंडर बघून कळत नाही. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर कारखान्याच्या चिमणीची काजळी दिसली की कळतं. वाऱ्याने तोंड फिरवलं की मळीचा आंबूस वास थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात, त्यांच्यावरची गाणी ऊस दिसायच्या आधी ऐकू येतात, आणि मागे रस्त्यावर कांड्यांचा सडा राहतो. यंदा याच्या जोडीला पोलीस भरतीही निघाली आहे. त्यामुळे उजाडताना कॅनॉलच्या भरावावरून पोरी पळताना दिसतात. धुक्यात आधी त्यांचे पाय वाजतात, मग त्या दिसतात.

पळून झालं की त्या आमच्या गोठ्यात येतात. गोठ्यात आता जनावर नाही. गव्हाणीच्या जागी बोअरचा जुना लोखंडी पाईप आहे, त्याच्या टोकांना अडकवायचे रंगाचे डबे आहेत, आत सिमेंट भरलेले. वाळू भरलेली युरियाची पोती आहेत. तुळईला ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्या लोंबतात, त्या ओढून खांदे तयार करायचे. कोपऱ्यात गोळाफेकीचा एक काळा गोळा असतो. डब्यांवर तांबड्या रंगात आकडे आहेत, पाच, दहा, पंधरा. अक्षर माझं.

पोरींना शिकवते माझी सून, मनीषा. तिचा आवाज मला खुर्चीत ऐकू येतो. "टाचंवर बस, बोटांवर न्हाय. पाठ सरळ. हापशावर आल्यागत वाकू नगंस." पोरी हसतात. मग पाईप जमिनीवर टेकल्याचा आवाज येतो.

गावात अजूनही म्हणतात, तात्यांनी सुनेसाठी जिम उभी केली. ग्रामपंचायतीने मला शाल आणि नारळ दिला होता. तालुक्याच्या एका पेपरात फोटो आला होता, मी आणि मनीषा, मधे तो पाईप. कात्रण दत्ताने, माझ्या मुलाने, फ्रेम करून ओसरीवर लावलं. त्या भिंतीकडे पाठ करून बसायची मला सवय झाली आहे. लोकांना वाटतं ऊन लागतं म्हणून बसतो.

मी तीस वर्षं माळेगावच्या बाजूला एका कारखान्यात काट्यावर होतो. काटा म्हणजे उसाच्या गाड्या तोलायची जागा. भरलेली गाडी आधी तोलायची, मग रिकामी, फरक काढून पावती द्यायची. बैलगाडीवाले, ट्रॅक्टरवाले, सगळे माझ्या खिडकीशी येऊन आकड्याकडे बघायचे आणि गप्प निघून जायचे. उसात पाचट, म्हणजे वाळका पाला, घालून वजन फुगवणारे मी लांबून ओळखायचो. मोळीचं पोट फुगलेलं असतं आणि गाडीचं चाक दबलेलं नसतं. मी पोटात हात घालून पाचट बाहेर ओढायचो आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर बोलायचो. रिटायर झाल्यावरही गावात कुणाला वजनाबद्दल शंका आली की ते माझ्याकडे यायचे. तात्या म्हणाले चार तर चार.

हे घडलं त्या सात वर्षांपूर्वीच्या हंगामाच्या दोन वर्षं आधी माझी बायको हौसा अर्धांगवायूने अंथरुणाला लागली होती. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एक शब्द तेवढा उरला, 'नको'. भूक लागली तरी नको, पाणी पाहिजे असलं तरी नको. स्वर ऐकून आम्ही अर्थ लावायचो. तिला उठवून बसवायला, खुर्चीत ठेवायला दोन माणसं लागायची. दत्ता हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर, घरी कधी येईल त्याचा नेम नाही. मग मनीषा आणि मी. माझी कंबर तेव्हाच कुरकुरत होती.

मनीषा लोणी भापकरची. तिच्या आजोबांच्या काळापर्यंत घरी मेंढरं होती. मनीषा स्वतः पायाने वेगवान, कॉलेजात धावायची. लग्नानंतर भरतीचं तिने दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा घरातलं काहीतरी आडवं आलं. त्या वर्षी वयाची मर्यादा संपत होती. बारामतीतल्या अकॅडमीत जायचं म्हणजे दिवस तिकडे जाणार, आणि हौसाला कोण बघणार. गावातल्या व्यायामशाळेच्या पायरीवर पुरुष बसलेले असतात, आत बाईने जायची पद्धत नाही. तिने गोठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मामा, आत्यांना एकटीनं उचलायचंय आन् गोळा सहा मीटर टाकायचाय. दोन्हीला ताकद एकच लागती."

एवढंच म्हणाली. मला तो हिशेब आवडला.

पहिला आठवडा तिने नुसता पाईप उचलला. मोबाईल दावणीच्या खुंट्याला टेकवून ठेवायची, त्यातली बाई करील तसं करायची, मग थांबून पुन्हा बघायची. कुठेही घाई नाही. आज जमलं म्हणून उद्या दुप्पट नाही, आठवड्याला थोडं थोडंच वाढवायचं, हे तिने मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, वजनाचं मला नको शिकवूस. ती हसली. मी रंगाचे रिकामे डबे धुतले, खडी आणि सिमेंट कालवलं, आणि एकेक डबा ताणकाट्याला टांगून भरत गेलो. काटा पाचावर थरथरत थांबला की हात थांबवायचा. वाळल्यावर पुन्हा तोलायचा, कमी भरला तर वर थोडा चोपायचा. आयुष्यात मी इतक्या प्रेमाने कशाचं वजन केलं नसेल. ते पहिले चार डबे खरे आहेत. त्यांच्यावरचा पाच हा पाचच आहे. हे सांगताना अजूनही बरं वाटतं.

त्या थंडीतला गोठा मला डोळे मिटले की दिसतो. तिच्या तोंडातून निघणारी वाफ. शेणाचा जुना, गेलेला वास आणि त्यावर ओल्या सिमेंटचा. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ ती पदराच्या गाठीत ठेवायची, दोन फेऱ्यांच्या मधे खायची. हौसाची बाज मी दारात ओढून ठेवायचो, म्हणजे तिलाही दिसावं. तळहाताला घट्टे आले तेव्हा मनीषाने ते हौसाला दाखवले आणि हौसाने डाव्या हाताच्या बोटाने ते चाचपले. महिन्याभरात सुनेचे खांदे बदलले. चालणं बदललं. पाण्याच्या दोन कळश्या ती बोलत बोलत आणायला लागली.

आणि एका सकाळी, मी हात लावायच्या आत, तिने गुडघे वाकवले, हौसाचा डावा हात आपल्या गळ्यात घातला, "आत्या, धरा बरं का" म्हणाली आणि एका दमात तिला उचलून खुर्चीत ठेवलं. हौसा वाकड्या तोंडाने हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी गोठ्यामागे जाऊन डोळे पुसले.

त्याच दिवशी दत्ता जेवायला घरी होता. भाकरी वाढता वाढता दोघं बोलत होते. ट्रेनिंग काही महिन्यांचं, मग नेमणूक, मग क्वार्टर मिळतं. मनीषा म्हणाली, आत्यांना घेऊन जाऊ, मामांनाबी घेऊन जाऊ, हितं दोघांनी काय करायचं. ती हे मनापासून म्हणाली होती. मी मात्र त्यातला 'जाऊ' तेवढा ऐकला. जेवलो, हात धुतला आणि बाजेवर पडून हिशेब करत राहिलो. ट्रेनिंगच्या महिन्यांत हौसाला कोण उचलणार. क्वार्टर नाही मिळालं तर कोण उचलणार. आणि हौसानंतर, मला.

खरं सांगायचं तर शेवटचा प्रश्नच मोठा होता.

दहाचे डबे मी त्यानंतर भरले. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॉलीतून पडलेलं पाचट गोठ्याच्या कडेला पडलेलं असायचंच. मी ते मुठीने दाबून डब्याच्या पोटात भरलं आणि वर, खाली, कडेला सिमेंट चोपलं. जे आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोळीतून बाहेर ओढलं तेच. मनाला सांगितलं की पोरीची कंबर धरेल, एवढ्यात इतकं वजन नको, आपण काळजी घेतोय. हे सांगत असताना हात मात्र सराईतासारखा चालत होता. हौसा दारातल्या बाजेवरून बघत होती.

"नको," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती पुन्हा म्हणाली. त्या स्वराचा अर्थ मला नीट कळला होता. मी तिला पाणी आणून दिलं. तिने तोंड फिरवलं आणि पाणी गळ्यावर सांडलं.

नीट लिहून ठेवतो. ज्या डब्यांवर दहा लिहिलंय ते साडेसातचे आहेत. पंधरा लिहिलंय ते अकराच्या आत आहेत. मी त्यांच्यावर आकडे रंगवले ते ठळक आणि सरळ. मनीषाने पंधराचे दोन डबे अडकवून बैठका काढल्या त्या दिवशी शेजारच्या बाया बघायला आल्या होत्या. मी त्यांना आकडा मोठ्याने वाचून दाखवला.

गोळ्याचं याहून वाईट. बायकांना भरतीत चार किलोचा गोळा टाकावा लागतो. तो मी बारामतीतून आणतो म्हणालो. दुकानात शाळकरी पोरींचा तीन किलोचाही होता. दोन्ही हातात दोन गोळे घेऊन मी उभा राहिलो. डोळे मिटूनही मला कुठला कुठला ते कळत होतं. मी तीनचा घेतला. येताना एका वेल्डिंगच्या दुकानात थांबून त्यावरचा कोरलेला आकडा कानसीने घासून काढला, मग काळा रंग दिला आणि तांबड्याने चार लिहिला. एसटीत तो मांडीवर ठेवून आलो. शेजारचा म्हातारा म्हणाला, नातवाला का? मी म्हणालो, सुनेला. तो कौतुकाने माझ्याकडे बघत राहिला.

मनीषा रोज तो टाकायची. गोठ्यासमोरच्या मोकळ्या जागेत तिने चुन्याची रेघ मारली होती. गोळा रेघेच्या पुढे पडायला लागला, मग वीतभर पुढे, मग हातभर. प्रत्येक वेळी ती मागे वळून मला बघायची आणि मी बोटाने खूण करायचो की झालं, पुढे गेला. ज्यांनी फोटो काढला, ज्यांनी शाल दिली, ती माणसं याच दिवसांत आली. भाषणात सरपंच म्हणाले, असा सासरा प्रत्येक घरात पाहिजे. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

तिला तेव्हाही सांगता आलं असतं. मैदानाला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, महिना होता. नवा गोळा घेतला असता तर महिन्यात हात बसला असता. मी रोज ठरवायचो. रोज ती गोठ्यात जायच्या आधी हौसाचं अंग पुसून, तिला उचलून, उन्हात बसवून जायची आणि मी म्हणायचो, उद्या.

मैदान पुण्याला होतं. मी बरोबर गेलो, दत्ता हौसाजवळ थांबला. पुरुष माणसांना आत सोडत नव्हते. कंपाउंडच्या जाळीला नाक लावून मी बघत होतो. पळण्यात ती पुढे होती, हे मला तिच्या वेणीवरून कळलं. मग गोळ्याची रांग. तिने गोळा हातात घेतला आणि क्षणभर थांबली. हात खाली-वर केला. मानेजवळ नेला. तिच्या पाठीवरून मला कळलं की तिला कळलंय, काहीतरी वेगळं आहे. पण काय वेगळं आहे हे तिला कळणं शक्य नव्हतं. तिने आयुष्यात दुसरा गोळा हातात घेतलाच नव्हता.

तिन्ही वेळा तो अलीकडे पडला.

बाहेर आली तेव्हा तळहाताकडेच बघत होती. एसटी स्टँडवर मी तिला चहा दिला. तिने एक घोट घेतला. मग म्हणाली, "हातच गळला मामा. गोळा उचलंना मला. भ्याले असंल मी." मी म्हणालो, होतं असं, मैदान बघून माणूस दबतं. आणखी म्हणालो, बाईमाणसाचं अंग, किती केलं तरी. हे वाक्य मी बोललो. ज्या पोरीने थंडीत चार महिने पाईप उचलला तिला मी हे म्हणालो आणि चहाचे कप परत द्यायला उठलो.

लेखी परीक्षेला बसायला निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव दोन गुणांनी हुकलं. दत्ताने मोबाईलवर यादी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली. हौसा रडायला लागली, थांबेचना. मनीषा तिच्या बाजेवर बसून तिचेच डोळे पुसत होती, आत्या, अवो मी न्हाय रडत आन् तुमी कशाला, म्हणत होती. हौसा माझ्याकडे बघून तो एकच शब्द म्हणत होती. मी ओसरीवर जाऊन बसलो.

हौसा त्यानंतर दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत मनीषाने तिला किती वेळा उचललं असेल. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. डॉक्टर म्हणाले, एवढी निगा दवाखान्यातही होत नाही. ते ऐकून मी मान हलवली. तिची सगळी मेहनत, ते शेंगदाणे, ते घट्टे, सगळं माझ्या घराच्या कामाला आलं. जसं मी त्या बाजेवर पडून ठरवलं होतं, अगदी तसंच झालं. माझा हिशेब चुकला नाही.

लोक म्हणतात म्हातारपणी माणूस मऊ होतो. मला तसा अनुभव नाही. मला उलट जास्त स्वच्छ दिसतं. कुणी मला विचारलं असतं की सुनेचं भलं व्हावं असं वाटतं का, तर मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो असतो आणि ते खोटं नसतं. तिने ताकद कमवावी असं मला वाटतच होतं. फक्त ती ताकद उंबऱ्याच्या आत राहावी, एवढीच माझी अट होती. ती मी तिला कधी सांगितली नाही. डब्यात भरून ठेवली.

आता गेल्या आठवड्याचं सांगतो. पोरींपैकी एकजण बारामतीहून नवा गोळा घेऊन आली. चमकणारा, आकडा कोरलेला. मी खुर्चीत होतो, ऊन पायांवर आलं होतं. मनीषाने नवा गोळा उजव्या हातात घेतला, मग वाकून आमचा जुना डाव्या हातात घेतला. पोरी बोलत होत्या. गोळे हातांत खाली-वर करत ती तशीच उभी होती. मग तिने दोन्ही खाली ठेवले, पोरींना पळायला पाठवलं आणि माझ्यापाशी आली.

"मामा, आपला गोळा चारचाच हुता न्हवं?"

सात वर्षं मी ज्या वेळेची वाट चुकवत होतो ती माझ्यासमोर पदर खोचून उभी होती. तिच्या कानाजवळचे केस पिकायला लागलेत, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"चारचाच," मी म्हणालो. "सात वर्षं पावसापाण्यात पडलाय. गंजून झिजला असंल."

किलोभर लोखंड सात वर्षांत गंजून जातं, असं तीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस म्हणाला. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"व्हय," ती म्हणाली. "झिजला असंल."

ऊन वर चढलं होतं. तिने खुर्चीशेजारी गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, माझा हात आपल्या गळ्यात घेतला आणि मला उचलून सावलीकडे न्यायला लागली. तिचा कान माझ्या तोंडाजवळ होता. मनीषा, तुझा हात गळला नव्हता, मी तुझं नुकसान जाणूनबुजून केलं, मला माफ कर, हे सगळं जुळवून ठेवलेलं होतं, शब्दाला शब्द. दहा पावलांचं अंतर. तेवढ्यात ते सहज बोलून झालं असतं. मी तोंड उघडलं.

"जरा सावकाश," मी म्हणालो, "पाय दुखतोय."